आजी-आजोबांच्या मुंबईतून पाहिलेले लंडन

मुंबईतल्या घरांमध्ये परदेशी सहलीचा विषय निघाला की वयस्कर माणसांबद्दलचे बोलणे बहुधा काळजीच्या सुरातच होते. गुडघे, रक्तदाब, पथ्यपाणी, विम्याचा वाढीव हप्ता, स्वच्छतागृह किती लांब असेल, अशी यादी वाढत जाते आणि शेवटी ‘आई-बाबांना ज्येष्ठ नागरिकांच्या एखाद्या टूरबरोबर पाठवू या, आपण मुलांना घेऊन वेगळे जाऊ’ असे ठरते. मला हा तोडगा मनापासून पटत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तीन पिढ्या मिळून लंडनला जाऊन आलो. तिथल्या ज्या गोष्टी आज माझ्या मुलांच्या तोंडी आहेत, त्यांतल्या बहुतेक त्यांना आजीने किंवा आजोबांनी दाखवलेल्या आहेत. मी आणि माझ्या नवऱ्याने मुख्यतः तिकिटे काढली, रस्ते शोधले आणि बॅगा उचलल्या. मुंबईत आयुष्य काढलेल्या माणसाजवळ लंडनमध्ये सांगण्यासारखे किती असते हे मला तिथे जाऊन कळले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आजोबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी परळच्या एका शाळेत निवृत्तीपर्यंत भूगोल शिकवला. आजी म्हणजे माझी आई; तिचे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले आणि नोकरी फोर्टमध्ये, मुंबई विद्यापीठाच्या कार्यालयात झाली. दोघांचेही जोडीदार आता हयात नाहीत. व्याही-विहिणीच्या नात्यातला अवघडलेपणा केव्हाच मागे पडला असून ती एकमेकांना ‘भाऊ’ आणि ‘ताई’ अशी हाक मारतात. मुलांपैकी थोरली दहा वर्षांची आणि धाकटा सहा वर्षांचा. सहलीसाठी आधी स्वित्झर्लंड, सिंगापूर, दुबई अशी नावे निघाली होती. लंडनच्या बाजूने कौल पडला तो दोन कारणांनी. एक म्हणजे तिथली मोठी संग्रहालये पाहायला तिकीट लागत नाही, त्यामुळे कोणी दमले तर अर्ध्या तासात बाहेर पडताना पैसे वाया गेल्याची चुटपुट लागत नाही. दुसरे कारण आजोबांनी सांगितले. ‘आयुष्यभर फळ्यावर शून्य रेखांश काढला, तो एकदा पायाखाली बघू दे,’ असे ते म्हणाले, आणि मग दुसऱ्या कुठल्या शहराचा विचारच झाला नाही.

तयारीबद्दल थोडक्यात सांगते. ब्रिटनचा व्हिसा शेंगेन व्हिसापेक्षा वेगळा असतो आणि सहा वर्षांच्या मुलासह प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र भरावा लागतो. विमा घेताना वयस्करांचा रक्तदाब, मधुमेह, आधीची शस्त्रक्रिया हे सारे स्पष्ट लिहावे, कारण लपवलेल्या आजारावरचा खर्च विमा कंपनी देत नाही. औषधे हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनासह आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवावीत. खाण्याच्या पदार्थांबाबत एक नियम मुद्दाम सांगण्यासारखा आहे: भारतातून ब्रिटनमध्ये जाताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. त्यामुळे तूप आणि पेढे घरीच राहिले. मेतकूट, भाजणी, दाण्याची चटणी आणि कोकम मात्र गेले. विमानतळावरच्या व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. आजोबांना आधी ते कमीपणाचे वाटत होते, पण हीथ्रोवर उतरल्यावर किती चालावे लागते हे पाहिल्यावर त्यांचा विरोध मावळला.

राहण्यासाठी आम्ही ईलिंग भागात तळमजल्यावरचे, स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतले. वयस्कर माणसे बरोबर असताना मध्यवर्ती भागातल्या महागड्या हॉटेलपेक्षा असे घर पुष्कळ बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळी सात वाजता आपल्या हातचा चहा आणि रात्री वरणभात मिळाला की मधल्या वेळात काय खाल्ले याची कोणी तक्रार करत नाही. ईलिंग ब्रॉडवे स्थानक एलिझाबेथ लाइनवर आहे. ही मार्गिका 2022 साली सुरू झाली. ती हीथ्रोपासून थेट येते आणि तिच्या सगळ्या स्थानकांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्या न चढता पोचता येते. जवळच साउथॉल असल्याने मेथी, कढीपत्ता, तूरडाळ यांची अडचण पडली नाही. 1863 पासून चालत आलेली जुनी भुयारी रेल्वे मात्र गुडघ्यांची परीक्षा घेते. तिची कित्येक स्थानके लिफ्टशिवायची आहेत, आणि कॉव्हेंट गार्डनसारख्या स्थानकात लिफ्ट सोडून जिना धरला तर तो 193 पायऱ्यांचा आहे. पायऱ्या नसलेली स्थानके दाखवणारा स्वतंत्र नकाशा मिळतो. तो आम्ही आधीच छापून घेतला होता आणि रोजचा बेत त्यावरच आखला.

तरी आम्ही सर्वांत जास्त फिरलो ते बसने. लंडनच्या बसचा दरवाजा पदपथाच्या उंचीला येतो, व्हीलचेअरसाठी उतरती फळी बाहेर येते, अकरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसते आणि पहिल्या बसपासून तासाभराच्या आत कितीही बस बदलल्या तरी एकच भाडे पडते. मुले धावत वरच्या मजल्यावरची पुढची जागा पकडत आणि आजी-आजोबा खाली दाराजवळच्या राखीव जागांवर बसत. आजी मुलांना मुंबईच्या डबलडेकरबद्दल सांगे. 1937 साली मुंबईत पहिली डबलडेकर बस आली, आणि 2023 च्या सप्टेंबरात बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर बंद झाल्या त्या दिवशी लोक गाडीला हार घालायला गेले होते. माझ्या थोरलीला या गोष्टीचे फार अप्रूप वाटले. आजीच्या लहानपणी गिरगावातून ट्रामही जात असे. 1964 साली मुंबईतली शेवटची ट्राम धावली, तेव्हा ती शाळेत होती.

अशाच एका बसने आम्ही यूस्टन रोडवर उतरलो आणि सेंट पँक्रस स्थानकासमोर उभे राहिलो. लाल विटांची ती अवाढव्य इमारत, टोकदार कमानी, निमुळते मनोरे आणि एका टोकाला घड्याळाचा बुरूज पाहून आजी काही क्षण बोललीच नाही, आणि मग म्हणाली, ‘अगं, हे आपलं व्हीटी आहे.’ तिचे बोलणे नुसत्या भासातून आलेले नव्हते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी 1878 पासून पुढे दहा वर्षांत बोरीबंदरला जे स्थानक उभारले, त्यावर सेंट पँक्रसचा प्रभाव असल्याचे वास्तुकलेचे अभ्यासक सांगतात. पण आजीच्या आयुष्याशी या इमारतीचा याहून जवळचा संबंध आहे. सेंट पँक्रसच्या दर्शनी भागातले हॉटेल, जे 1873 मध्ये सुरू झाले, ते सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी रेखाटले. आणि मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडेही याच स्कॉट यांचे. ते स्वतः कधी भारतात आले नाहीत. लंडनमध्ये बसून त्यांनी कागद पाठवले आणि त्यांवरून मुंबईच्या गवंड्यांनी आणि पाथरवटांनी दगड घडवला. ज्या बुरुजाच्या सावलीत माझ्या आईने नोकरीची सगळी वर्षे काढली, तो ज्या माणसाच्या कल्पनेतून आला त्याचेच दुसरे काम ती वयाच्या सत्तरीत लंडनमध्ये पाहत होती.

तिने मुलांना पदपथावर बाजूला घेतले आणि एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली. कमानीच्या वरचा टोकदार कोन, खिडक्यांमधले बारीक खांब, खांबांच्या माथ्यावर कोरलेली पाने, हे सर्व विद्यापीठाच्या इमारतीतही आहे. मात्र इथे लाल वीट आहे आणि तिकडे कुर्ल्याच्या खाणीतला पिवळसर दगड. राजाबाई टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला, त्याची उंची सुमारे 85 मीटर आहे आणि त्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने देणगी दिली, हे ती न अडखळता सांगत होती. धाकट्याने विचारले, ‘आजी, तू त्या टॉवरवर चढली होतीस का?’ ती म्हणाली, ‘नाही रे, पण त्याच्या ठोक्यांवर डबा उघडला आणि ठोक्यांवर घरी निघाले.’ आम्ही आत जाऊन अभियंते बार्लो यांनी बांधलेले 1868 सालचे लोखंडी छतही पाहिले. मधे एकही खांब नसलेले ते छत तेव्हा जगातले सर्वांत रुंद मानले जात होते. परंतु मुलांचे लक्ष त्या छतापेक्षा खांबांच्या माथ्यावरची पाने मोजण्यातच राहिले, आणि मला ते योग्य वाटले.

नॅचरल हिस्ट्री म्युझियम अर्थातच मुलांचे होते. मे महिन्याच्या अखेरीस तिथल्या शाळांनाही आठवडाभराची सुट्टी असते, त्यामुळे गर्दी फार होती. प्रवेश विनामूल्य असला तरी वेळ आधी नोंदवून ठेवणे शहाणपणाचे. मुख्य दालनात छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा 25 मीटरहून लांब आहे. हा मासा 1891 साली आयर्लंडच्या वेक्सफर्ड बंदरात किनाऱ्याला लागला होता. तो पाहून झाल्यावर आजी-आजोबा बाकावर बसले आणि मुले डायनोसॉरकडे गेली. मोठ्या संग्रहालयांमध्ये व्हीलचेअर विनामूल्य मिळते आणि ठिकठिकाणी बसायची सोय असते, हे तिथे फार उपयोगी पडले.

ग्रीनिचला आम्ही थेम्सवरून बोटीने गेलो. ट्रेन बदलण्याची दगदग नाही आणि टॉवर ब्रिजखालून जाताना मुलांना मजा येते, म्हणून वयस्करांसह जाणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवीन. धक्क्यावरून वेधशाळेकडे जाणारा चढ मात्र खडा आहे. तो टाळण्यासाठी आजी-आजोबांना आणि मला बस घेऊन टेकडीच्या वरच्या अंगाने, ब्लॅकहीथच्या फाटकातून आत जाता आले. तिथून झाडांमधला सरळ, सपाट रस्ता थेट वेधशाळेपाशी पोचतो. माझा नवरा मुलांना घेऊन चढ चढून आला.

ही वेधशाळा 1675 साली दुसऱ्या चार्ल्स राजाने स्थापली. समुद्रात गेलेल्या जहाजाला आपले रेखांश कळत नसे, कारण त्यासाठी निघाल्या जागेची वेळ अचूक ठाऊक असावी लागते आणि डोलत्या जहाजावर लंबकाचे घड्याळ चालत नाही. हा प्रश्न सोडवणाऱ्याला वीस हजार पौंडांपर्यंतचे बक्षीस देण्याचा कायदा ब्रिटिश संसदेने 1714 मध्ये केला, आणि जॉन हॅरिसन नावाच्या सुताराच्या मुलाने आयुष्य खर्ची घालून तशी घड्याळे बनवली. ती चारही घड्याळे इथे पाहायला मिळतात. पहिली तीन मोठी यंत्रे आहेत आणि ती चालताना दिसतात. चौथे मोठ्या खिशातल्या घड्याळाएवढे आहे आणि झिजू नये म्हणून ते बंद ठेवलेले असते. आजोबा त्या चौथ्या घड्याळासमोर बराच वेळ उभे होते. त्यांनी ते वर्गात वर्षानुवर्षे शिकवले होते, पण ते एवढेसे असेल असे त्यांना वाटले नव्हते.

अंगणात रेखांशाची धातूची पट्टी आहे आणि तिच्यावर दोन बाजूंना पाय ठेवून छायाचित्र काढण्यासाठी रांग लागलेली असते. रांगेत उभे असताना आजोबांनी मुलांना हिशेब घालून दिला. पृथ्वी चोवीस तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश आणि एका अंशाला चार मिनिटे. मुंबई या रेषेच्या पूर्वेला जवळजवळ 73 अंशांवर आहे, मग मुंबईची वेळ इथल्या वेळेच्या किती पुढे? थोरलीने बोटांवर हिशेब करून 292 मिनिटे, म्हणजे चार तास बावन्न मिनिटे असे उत्तर काढले आणि लगेच हरकत घेतली, ‘पण आपण तर ग्रीनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहोत ना?’ आजोबा या प्रश्नाचीच वाट पाहत होते.

त्यांनी सांगितलेला इतिहास असा. 1884 मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेत ग्रीनिचची रेषा हा शून्य रेखांश ठरला. हिंदुस्थानात त्या काळी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे आणि मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या चार तास एकावन्न मिनिटे पुढे होती. 1906 च्या आरंभी सरकारने 82.5 अंश पूर्व रेखांशावरून साडेपाच तासांची प्रमाणवेळ लागू केली, परंतु मुंबईकरांनी तिला जोरदार विरोध केला आणि शहरात ‘मुंबई टाइम’ पुढेही चालू राहिला. तो पूर्णपणे सुटला 1955 साली. प्रमाणवेळेत आणि मुंबई टाइममध्ये 39 मिनिटांचा फरक होता. आजोबांच्या वडिलांना गिरणीचा भोंगा, रेल्वेचे घड्याळ आणि शहराची घड्याळे यांचा मेळ मनात घालावा लागे, आणि कोणी भेटीची वेळ सांगितली की ‘कुठला टाइम?’ असे विचारावे लागे. ही आठवण त्यांनी आमच्याही कधी कानांवर घातली नव्हती. त्या रेषेवर उभे राहिल्यावरच ती वर आली, आणि घरी बसून कितीही प्रश्न विचारले असते तरी ती आली असती असे मला वाटत नाही.

तिथे आणखी एक गंमत घडली. थोरलीने माझ्या फोनवर स्वतःचे स्थान पाहिले, तर पट्टीवर पाय असूनही रेखांश शून्य दिसेना. तिला वाटले फोन बिघडला. खरे कारण आजोबांनाही माहीत होते: वेधशाळेतली रेषा तिचे तेव्हाचे प्रमुख जॉर्ज एअरी यांनी 1851 मध्ये बसवलेल्या दुर्बिणीवरून ठरली, आणि ती दुर्बीण उभी करताना ‘सरळ खाली’ ही दिशा त्या जागेच्या गुरुत्वाकर्षणावरून घेतलेली होती. उपग्रहांवर चालणारी आजची पद्धत पृथ्वीच्या केंद्रापासून मोजते, म्हणून तिचा शून्य रेखांश या पट्टीच्या पूर्वेला सुमारे 102 मीटरवर, खाली बागेत पडतो. मग मुले बापाला ओढत बागेत गेली आणि फोनवर शून्य येईपर्यंत गवतात पुढे-मागे चालत राहिली. तिथे ना पट्टी, ना रांग. इमारतीच्या माथ्यावरचा लाल गोळा, जो 1833 पासून नदीतल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून दुपारी एक वाजता खाली पडतो, तोही त्यांनी त्या गवतातूनच पाहिला.

टॉवर ऑफ लंडनबद्दल मला फारसे लिहायचे नाही. किल्ला जुना असल्याने जागोजागी उंच-सखल पायऱ्या आहेत, तिकीट महाग आहे, आणि मुकुट सरकत्या पट्ट्यावर उभे राहून पाहायचे असल्याने कोहिनूर नजरेसमोर जेमतेम काही क्षण राहतो. मुलांना कावळे आवडले. वयस्करांसह जाताना वेळ कमी असेल तर हे ठिकाण मी गाळेन. पासष्टीपुढच्यांना अनेक ठिकाणी सवलतीचे तिकीट असते, ते मात्र मागून घ्यावे.

किंग हेन्रीज रोडवरच्या दहा क्रमांकाच्या घरी जाण्याचे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये इथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने 2015 साली हे घर विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. रस्ता शांत, दोन्ही बाजूंना सारखी दिसणारी घरे, आणि दर्शनी भिंतीवरच्या निळ्या गोल फलकावर त्यांचा उल्लेख सामाजिक न्यायासाठी लढणारा भारतीय असा केलेला आहे. आत जिने आहेत, त्यामुळे आजी खालच्या मजल्यावरच थांबली आणि तिथली छायाचित्रे तिने एकेक करून पाहिली.

आजोबांनी मुलांना जे सांगितले त्यात मोठमोठी विशेषणे नव्हती. ते परळच्या शाळेत शिकवत, तिथून बीआयटी चाळ जवळ. त्या चाळीतल्या लहानशा खोलीत बाबासाहेबांचे कुटुंब राहत असताना ते इकडे अभ्यास करत होते, इथून आजोबांनी सांगायला सुरुवात केली. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये बाबासाहेबांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला आले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, रात्री परत येऊन पुन्हा वाचन. मध्यरात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून कपभर दुधाबरोबर खात, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध याच काळातला, आणि 1923 मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. धाकट्याला पापडांची गोष्ट लक्षात राहिली. थोरलीने विचारले की शिष्यवृत्ती संपली तेव्हा कोणी रागावले नाही का. आजोबा म्हणाले, ‘रागावून थांबले असते तर परत आले नसते.’ तिला हे उत्तर पुरेसे वाटले नाही. तिने परतीच्या बसमध्ये आणखी पुष्कळ प्रश्न विचारले आणि आजोबांनी त्या सगळ्यांची उत्तरे दिली.

दुसऱ्या एका संध्याकाळी मेडा व्हेल भागात, हाउली प्लेस या रस्त्यावर, लोकमान्य टिळक 1918-19 मध्ये जिथे राहिले त्या घराचा फलकही पाहिला. ते खासगी घर आहे, त्यामुळे बाहेरूनच नमस्कार केला आणि जवळच्या कालव्याकाठी बसलो. मेअखेरीस तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. आजीचा दिवेलागणीचा नेम मोठा पक्का, पण सात वाजता दुपारसारखे ऊन असल्याने शुभंकरोती कधी म्हणायची हा प्रश्न तिने आजोबांना विचारला. आजोबांनी निकाल दिला की सूर्य मावळल्यावरच म्हणावी, घड्याळाशी तिचा संबंध नाही. त्यामुळे सहलीभर मुले झोपायच्या वेळी शुभंकरोती म्हणत होती.

मधे एकदा आजीचा गुडघा सुजला. त्या दिवशी कुठेही न जाता आम्ही ईलिंगच्या वॉलपोल पार्कमध्ये सकाळ काढली. इंग्लंडच्या बागांमधल्या पुष्कळ बाकांवर पितळी पट्ट्या असतात आणि त्यांवर गेलेल्या माणसाचे नाव व एखादी ओळ कोरलेली असते, की याला किंवा हिला ही जागा आवडत असे. आजीने थोरलीकडून एकेका बाकावरची ओळ मराठीत सांगून घेतली. मग ती बाकावर बसून राहिली आणि धाकटा तिच्यासमोर सीसॉवर बसलेल्या दोन अनोळखी मुलांशी खाणाखुणांनी भांडत होता. माझ्या मते तीन पिढ्यांच्या सहलीत असे मोकळे दिवस आधीपासूनच आखून ठेवावेत. आदल्या दिवशीची दमणूक त्या दिवशी भरून निघते, आणि घरातली माणसे एकमेकांशी निवांत बोलतात तीही त्याच दिवशी. सकाळी एक ठिकाण, दुपारी घरी किंवा बागेत विसावा आणि जमलेच तर संध्याकाळी बसची एक फेरी, याहून जास्त आम्ही कधी केले नाही. बकिंगहॅम राजवाडा, विंडसर, ऑक्सफर्ड स्ट्रीटची खरेदी हे सारे राहिले, आणि त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढलेला नाही.

परत आल्यावर, पाऊस सुरू होण्याआधी, आजोबांनी मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर झाडूचा दांडा वाळूच्या बादलीत उभा रोवला. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली कधी पडते ते शोधायचे, म्हणजे मुंबईची खरी माध्यान्ह सापडते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असल्याने ती इवलीशी सावली दक्षिणेकडे पडते, हे पाहून आम्ही मोठ्यांनीही आश्चर्य केले. सर्वांत आखूड खूण साडेबारा वाजून गेल्यावर सहा-सात मिनिटांनी पडली. थोरलीने वहीत ती वेळ लिहिली आणि मुंबई टाइमच्या 39 मिनिटांशी ती नेमकी का जुळत नाही, असे विचारले. तेव्हा आजोबांनी सांगितले की सूर्य वर्षभर घड्याळाबरोबर चालत नाही, कधी पुढे असतो, कधी मागे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सुमारे सोळा मिनिटे पुढे असतो आणि मुंबईची माध्यान्ह साडेबाराच्या आतच येते. दिवाळीच्या सुट्टीत आकाश स्वच्छ झाले की हा प्रयोग पुन्हा करायचा, आणि त्याच सुट्टीत आजीने दोघांना फोर्टमध्ये नेऊन विद्यापीठाच्या खांबांवरची पाने दाखवायची, असे ठरले आहे.